गरमच प्यायचा

वहिनी: गरमच प्यायचा. थंड केला की त्यातला गुण जातो. किती वेळा सांगायचं तुम्हाला?

धाकटा: अगं, पण भट्टीपुढे उभं राहून गरम ग्रीन टी पितंय कोण? पुढे भट्टी, पोटात भट्टी. ताई, बरी आलीस, आता तूच सांग हिला. रात्री गार पाण्यात टी बॅग टाकायच्या, बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी थंडगार प्यायचं. तो व्यायामशाळेवाला आहे ना, आपल्याकडून रोज ब्रेड नेतो तो? तो म्हणतो, थंड प्यायलं की शरीराला ते गरम करत बसावं लागतं, त्यात चरबी जळते. म्हणजे मी नुसता स्टुलावर बसलो तरी आतल्या आत पळतोय.

ताई: आतल्या आत पळून बारीक झालेला माणूस मी तरी पाहिला नाही, ढोल्या. मला आधी बसू दे. ते मैद्याचं पोतं सरकव तिकडे.

धाकटा: बस, बस. हॉस्पिटलातून थेट आलीस? आज मशीनवर किती वेळ होतीस?

ताई: नेहमीइतकीच. अर्धा दिवस गेला. रक्त धुऊन झालं, आता परवापर्यंत माणसात. हात बघ, पट्टी नुसती लाल. जाऊ दे, ते रोजचंच आहे.

वहिनी: वन्सं, पाठीला उशी देऊ का?

ताई: नको गं. तुमचं चालू दे. गरम की थंड, कुठपर्यंत आलात?

वहिनी: मी म्हणते गरम. मी मोबाईलवर बघितलंय, एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या. गरम पाण्यातच पानाचा अर्क उतरतो. थंड पाण्यात नुसता रंग येतो.

धाकटा: आणि मी पण मोबाईलवरच बघितलंय. तिथे दुसऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, थंडात कडवटपणा कमी उतरतो, पोटाला बरा. आता दोन डॉक्टरणींत कुणाला खोटं पाडायचं?

ताई: आमच्या हॉस्पिटलात आहार सांगणाऱ्या बाई आहेत, त्यांना मी तुझ्यासाठी विचारलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, गरम प्या नाहीतर थंड प्या, उन्नीस-बीस. नुसत्या ग्रीन टीने वजन उतरलं असतं तर आमची नोकरी कधीच गेली असती. त्याच्याबरोबर काय खाता ते बघा, म्हणाल्या.

धाकटा: काही खात नाही मी! विचार हिला. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी भाजी, रात्री सूप. बेकरीवाला असून क्रीमरोलकडे परक्यासारखा बघतो. जीव तुटतो गं.

ताई: आणि चाखतोस ते?

धाकटा: चाखावं तर लागतंच. न चाखता गिऱ्हाइकाला द्यायचं काय? पण बोटाच्या टोकावर घेतो. टेकवतो नि थुंकतो. हिची शप्पथ.

वहिनी: माझ्या शपथा नका खाऊ.

ताई: मग हे काय आहे ते मला सांग. गेल्या आठवड्यात तुझी पँट आली माझ्या दुकानात. मला वाटलं, उतरलं पोट, कंबर आत घ्यायला पाठवलीय. आनंदाने टेप काढली. तर चिठीवर लिहिलेलं, कंबर सैल करा. मी इतकी वर्षं लोकांच्या कमरा मोजतेय, ढोल्या. दोन अंडी नि सुपावर कुणाची कंबर वाढत नाही.

धाकटा: कापड आटलं असेल.

ताई: कापड आटलं! आणि माझी अक्कल सैल झाली.

धाकटा: तू ना, मशीनवरून आलीस की भांडायलाच येतेस.

ताई: भांडायला नाही आले, निरोप द्यायला आले. सकाळी हॉस्पिटलात सांगितलं, मंगळवारी तुला घेऊन या. वजन करतील, आणि त्या दुसऱ्या बाई आहेत ना, देणाऱ्याशी बोलणाऱ्या, त्या तुझ्याशी बोलतील. सहा किलो उतरायला सांगितलं होतं. तेवढं उतरलं असेल तर ऑपरेशनची तारीख मिळेल. नसेल तर तुझी किडनी ते घेणार नाहीत. मग मी यादीत. यादी केवढी आहे तुला माहीत आहे.

धाकटा: माहीत आहे.

ताई: तुझी जुळली म्हणून मी यादीचा विचार सोडला होता. मागच्या खेपेला वजन केलं तेव्हा उतरायचं सोडून चढलेलं निघालं. त्या नर्सने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच तुला भरवते.

वहिनी: उतरेल की हळूहळू. घाई करून काय होतंय? अहो, पिऊन टाका तो, निवतोय.

धाकटा: पितो. ताई, तुला सांगतो, एवढी पातेली पितो मी दिवसाची, आता तर पोटात डुबुक डुबुक वाजतं.

ताई: हं. आणि मला दिवसाला दोन पेले पाणी. औषधं गिळायची ती त्यातच. देव पण काय वाटणी करतो! आण इकडे तो मग. एक घोट घेते, तोंडाला कोरड पडलीय.

वहिनी: नको वन्सं! तुम्हाला पथ्य आहे ना. उगाच कशाला? मी बर्फाचा खडा देते चघळायला.

ताई: एका घोटाने बुडत नाही मी. आजच्यातलं शिल्लक आहे. आण रे.

धाकटा: घे. कडू आहे हं. तोंड वाकडं होईल.

(ताई एक घोट घेते आणि मगात बघते.)

धाकटा: काय? झालं ना वाकडं?

ताई: नाही. गरम आहे. चांगला गरम आहे. अरे, पुढे घंटी वाजतेय, गिऱ्हाईक आलंय बघ.

धाकटा: आलो, आलो! तो वाढदिवसाचा केक न्यायला आला असणार.

(धाकटा पडदा सारून पुढच्या दुकानात जातो.)

ताई: किती चमचे, वहिनी?

वहिनी: कसले?

ताई: उगाच वेड पांघरू नकोस. किती चमचे घालतेस प्रत्येक मगात?

वहिनी: मध असतो थोडासा. मधाने चरबी झडते म्हणतात, म्हणून...

ताई: मध मला कळतो. ही साखर आहे. चांगली सरबतासारखी. आत्ता कळलं गरमच का प्यायचा ते. थंडात साखर विरघळत नाही, काचेच्या बाटलीत तळाशी बसते, दिसते.

वहिनी: हळू बोला ना.

ताई: मी हळूच बोलतेय. तो एवढा पितो आणि त्याला कळत नाही?

वहिनी: नाही कळत. पहाटेपासून क्रीम चाख, पाक चाख. जीभ मेलेली असते त्यांची. दोन चमचे गेले काय नि चार गेले काय.

ताई: कधीपासून?

वहिनी: तुम्ही सहा किलो म्हणून सांगून गेलात, तेव्हापासून. ते आपले अंडी खातात, उपाशी राहतात, जिना चढतात-उतरतात. खरंच करतात हो. आणि मी इकडे... वन्सं, माझ्याकडे असं बघू नका.

ताई: कसं बघू मग? रोज सकाळी मी काट्यावर उभी राहते. रात्रीत अंगात किती पाणी साठलं ते बघायला. पाय सुजलेले, चपलेत जात नाहीत. तरी म्हणते, जाऊ दे, थोडेच दिवस, भाऊ देणार आहे. आणि तू इथे चमच्याने ढवळतेस. मला राग आलाय, वहिनी. फार राग आलाय. हातात काही असतं तर फेकून मारलं असतं.

वहिनी: मारा. खरंच मारा, मला बरं वाटेल.

ताई: मला सांगायला काय झालं होतं तुला? तोंड नव्हतं?

वहिनी: काय सांगू? माझ्या नवऱ्याला तुमच्यासाठी चिरू देणार नाही, असं सांगू? असं म्हणणाऱ्या बाईला चार माणसांत तोंड दाखवता येतं? सगळे येतात, त्यांच्या पाठीवर थाप मारतात. भाऊ असावा तर असा! मी तिथेच उभी असते ट्रे घेऊन. माझ्याकडे बघून म्हणतात, वहिनी, नशीबवान आहात. मी हसते. काय करू?

ताई: डॉक्टरांनी तुझ्यासमोर समजावून सांगितलं होतं ना सगळं?

वहिनी: सांगितलं. एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो म्हणाले. मग देवाने दोन कशाला दिल्या? हे मी कुणाला विचारणार? पोतं उचलताना मी यांच्याकडे बघत राहते. पाठीवर घेतात, एक हुंकार, की गेले. उद्या नाही उचलवलं तर? पोरं अजून शाळेत आहेत. आणि... नको, जाऊ दे.

ताई: बोल. एवढं बोललीस, आता पोटात ठेवू नकोस.

वहिनी: मनात आलं, वन्सं. तुमच्या मागे कुणी नाही. आमच्या मागे दोन लेकरं आहेत. असं आलं मनात. जीभ झडो माझी.

ताई: खरं आहे ते. माझ्या मागे कुणी नाही.

वहिनी: मी असं म्हणायला नको होतं.

ताई: म्हणालीस ते बरं झालं. चहातून पाजण्यापेक्षा तोंडावर म्हटलेलं बरं. पण एक ऐक. मागे कुणी नसलं तरी जगावंसं वाटतं गं. सकाळी दुकान उघडावं, कुणाचा तरी ब्लाउज बिघडवावा, शिव्या खाव्या, परत उसवावा. भरपूर पाणी प्यावं, तांब्या तोंडाला लावून. एवढ्यासाठी सुद्धा वाटतं.

वहिनी: रडू नका ना. मी काय करू आता? त्यांना सांगू?

ताई: रडत नाहीये. त्याला मी सांगत नाही. तुमचा संसार मोडायला मी इथे आले नाही. पण तू...

धाकटा: नका सांगू. मी ऐकलंय.

वहिनी: अगं बाई! तुम्ही कधी आलात?

धाकटा: केकवाला कधीच गेला. पडद्याआड उभा होतो.

वहिनी: अहो, मी... मला...

धाकटा: थांब. तू बोलू नकोस, मला बोलू दे. ताई, माझी जीभ मेलेली नाही. पाकात मूठभर साखर कमी पडली तर मी टोक टेकवून सांगतो. कारागीर पैज लावतात माझ्यावर. माझ्या मगात चमच्यांनी साखर पडते आणि मला कळणार नाही? पहिल्याच दिवशी, पहिल्याच घोटाला कळलं.

वहिनी: मग बोलला का नाहीत?

धाकटा: बोललो असतो तर तू थांबली असतीस.

ताई: म्हणजे? ढोल्या, नीट बोल. म्हणजे काय?

धाकटा: म्हणजे मला भीती वाटते, ताई. काय काय कापतील, झोपेतून उठेन की नाही, सगळ्याची. इंजेक्शन बघून पळायचो ते आठवतंय ना तुला? तोच आहे मी. फक्त ढोल्या झालोय. सगळ्यांदेखत हो म्हणून बसलो. नाही म्हणायची हिंमत नव्हती. मग ही साखर घालायला लागली. मला वाटलं, बरं झालं. मी अंडी खातो, मी जिने चढतो, माझ्याकडून कमी नाही. वजन नाही उतरलं, त्याला मी काय करणार?

ताई: वा! म्हणजे ती ढवळते, तू गिळतोस, आणि दोघांनीही एकमेकांपाशी तोंड उघडलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे दोन मांजरं एकाच वाडग्यात.

धाकटा: बोल. वाट्टेल ते बोल.

ताई: आणि ते थंड हवा, थंड हवा, रोजचं भांडण? ते काय नाटक होतं?

धाकटा: नाटक नव्हतं. ज्या दिवशी धीर असायचा त्या दिवशी थंड मागायचो. थंडात हिला घालता येणार नाही, हे मला माहीत होतं. मग ही म्हणायची, गरमच प्या. आणि मी प्यायचो. वर सुटल्यासारखं वाटायचं. लाज वाटायची नि सुटल्यासारखंही वाटायचं.

वहिनी: मला वाटायचं, मीच एकटी पापी.

ताई: पाप-बिप काही नाही. मूर्खपणा आहे. पापाला जरा तरी डोकं लागतं.

धाकटा: हसतेस कशी तू?

ताई: मग काय करू? तुमच्या दोघांचा गळा धरू? अंगात बळ नाही आज. पाणी दे मला, उरलेलं आजचं. नको, राहू दे, नंतर घेते. ऐक आता. मंगळवारी त्या बाई तुला एकट्याला खोलीत घेतील. मी बाहेर, ही बाहेर. दार लावून विचारतील, मनापासून देताय का. तिथे तू नाही म्हणालास तर त्या मला कारण सांगत नाहीत. नियमच आहे त्यांचा. भाऊ बसत नाही, एवढंच म्हणतात. वजनाचं नावसुद्धा पुरेल.

धाकटा: पण तुला कळेल ना.

ताई: कळेल. घरी जाऊन रडेन. तुझ्या दारात नाही रडणार. आणि रविवारी ब्रेड न्यायला येईन, नेहमीसारखी. शिळा दिलास तर मात्र तोंडावर मारीन.

धाकटा: असं बोलू नकोस गं. असं बोललीस की मला जास्त वाईट वाटतं.

ताई: वाईट वाटावं म्हणून नाही बोलत. मला तुझी किडनी हवी आहे, ढोल्या. खोटं कशाला बोलू? खूप हवी आहे. पण अशी नको, की तू टेबलावर पडलायस आणि मनात म्हणतोयस, वजन चढलं असतं तर बरं झालं असतं. तसली अंगात घेऊन मी कुठे फिरू?

धाकटा: द्यायची आहे मला.

ताई: आत्ता डोळ्यांत पाणी आलंय म्हणून म्हणतोस.

धाकटा: नाही. पडद्याआड उभा होतो ना, तेव्हा तू म्हणालीस, तांब्या तोंडाला लावून पाणी प्यावंसं वाटतं. तेव्हा मला कळलं. मी इथे दिवसभर फुकट पीत बसलोय, आणि वर तुलाच सांगतोय की पोटात डुबुक वाजतं. भीती गेली नाही. जाणारही नाही. भीत भीतच देईन. मंगळवारपर्यंत वजन नाही उतरायचं, ते उघड आहे. मी त्यांना सांगेन, चूक झाली, आणखी मुदत द्या. खरं काय झालं तेही सांगेन.

ताई: सगळं सांगशील? साखरेचं सुद्धा?

धाकटा: माझं माझं सांगेन. हिचं ही सांगेल, वाटलं तर.

ताई: आता हिचं. वहिनी, इकडे ये. तुला आजवर कुणी विचारलंच नाही ना? मी विचारते. त्याला नाही, तुला. तू नाही म्हणालीस तर मी मंगळवारी जाऊन यादीत नाव घालते. जन्मभर तुला त्याचं काही ऐकवणार नाही, मेल्यावरही ऐकवणार नाही. बोल.

वहिनी: मी काय बोलू? तुम्ही बहीण-भाऊ.

धाकटा: अगं, विचारतेय ना ती. बोल की. मलाही ऐकायचंय.

वहिनी: नाही म्हणत नाही मी.

ताई: मनापासून?

वहिनी: मनापासून म्हणजे कसं असतं ते मला कळत नाही, वन्सं. तुम्ही पाय सुजवून इथे येता, मला बघवत नाही. हे टेबलावर पडलेत असं मनात आणते, तेही बघवत नाही. पण नाही म्हणणार नाही. आजपासून साखरेचा डबा वर ठेवते, खुर्चीशिवाय हात पुरणार नाही असा. फक्त एक गोष्ट आहे. ती मला रोज डोळ्यांपुढे दिसते. ती कुणालाच सुचलेली नाही.

धाकटा: कसली गोष्ट?

वहिनी: त्या दिवशीची. तुम्हाला एका खोलीत नेतील, वन्संना शेजारच्या. एकाच वेळी. दारं लागतील. तुम्हाला साधा ताप आला तरी मी वन्संना फोन करते. वन्संना चक्कर आली की तुम्हाला करते. कितीही वाजलेले असोत, दोघांपैकी एकजण उचलतं. त्या दिवशी तुम्ही दोघंही आत. मी बाहेर बाकावर. मी फोन कुणाला करू?